उळवीच्या वाटेवरची खूण

नंदिगड्डे,
पौष वद्य

प्रिय परशुराम,

अनेक आशीर्वाद. हे पत्र तुझ्या बिऱ्हाडी न येता वखारीच्या साहेबांच्या हातून तुला मिळेल. त्याचे कारण योग्य ठिकाणी सांगेन. तोवर माझे एवढे ऐक: शेवटची ओळ वाचून होईपर्यंत जागेवरून उठू नकोस, कोणाला हाक मारू नकोस आणि चेहऱ्यावर काही उमटू देऊ नकोस. मी एकेक गोष्ट क्रमाने मांडणार आहे. क्रम मोडला तर तू धावत सुटशील, आणि तू आंधळेपणाने धावत सुटावेस अशी कोणाची तरी इच्छा आहे. मात्र एक गोष्ट आधी सांगितल्यावाचून तुला पुढचे वाचवणार नाही. कमल घरी नाही. ती तुझ्याकडे यायला निघाली आहे, माझ्या संमतीने आणि साऱ्या गावाच्या देखत. पण तिला घेऊन जाणारा माणूस तू पाठवलेला नव्हे.

तुझी सगळी पत्रे मी पुन्हा समोर घेतली आहेत. मोंबासाला उतरल्यावर तू लिहिले होतेस की धक्क्याबाहेरच्या रस्त्यावर एका माणसाने तुझ्या पायाशी वाकून सोन्याची अंगठी उचलली, 'आपल्या दोघांना सापडली' म्हणाला, आणि तिच्यातला अर्धा वाटा तुला विकून गर्दीत शिरू लागला. अंगठी पितळेची निघाली. पुढे बाजाराच्या कोपऱ्यावर तीन वाट्या आणि एक चिंचोका यांच्या खेळात तू पहिला डाव जिंकलास आणि मग हरतच गेलास. दोन्ही वेळा बाबुराव नावाचे एक गृहस्थ तिथे आले. त्यांनी त्या भामट्यांना तिकडच्या भाषेत दरडावले, तुझे पैसे परत मिळवून दिले आणि मग तुझ्याकडे वळून म्हणाले, "काय रे पोरा, आपल्या मुलखातला दिसतोस! हिकडं असं तोंड वर करून चालू ने. ही लंका हाय, लंका." समुद्रापलीकडे घरची बोली कानावर पडली आणि तुझे डोळे भरून आले, असे तू लिहिलेस. तुझ्या आईने ते पत्र मला दोनदा वाचायला लावले. बाबुरावांच्या नावाने तिने देवापुढे साखर ठेवली.

परशुराम, तुला मी लहानपणी न्यायशास्त्राचा ओनामा शिकवला होता. बेळगावात वकिलांच्या हाताखाली मी उभी हयात युक्तिवाद लिहिण्यात घालवली आणि मग इथे सुपारीच्या बागेत येऊन राहिलो, तरी सवय सुटली नाही. म्हणून विचारतो: भामटे पैसे परत कधी करतात? पोलीस आला तर. बाबुराव पोलीस नव्हते. अंगात बळ असलेला माणूस आला तर. बाबुराव, तुझ्याच शब्दांत, 'बारीक अंगाचे आणि दम्याचे'. मग त्यांच्या नुसत्या आवाजाने रस्त्यावरचे ठग गोगलगाय होतात, तेही दोन वेगळ्या जागी, याला तू काय कारण दिलेस? तू कारण शोधलेच नाहीस, कारण तुझे पैसे परत आले होते. ठग पैसे परत करतो तेव्हा तो काहीतरी विकत घेत असतो. त्या दिवशी त्याने तुझा विश्वास विकत घेतला, आणि तोही तुझ्याच पैशांनी. अंगठीवाला, वाट्यांवाला आणि तुला वाचवणारा ही एकच मंडळी. पहिल्या दोघांचे काम तुला लुबाडणे हे नव्हतेच. त्यांचे काम तिसऱ्याला तुझा उपकारकर्ता बनवणे एवढेच होते. हे मी तुला तेव्हाच लिहिले होते. त्यावर तुझे उत्तर आले की तात्या, तुम्हाला देवाच्या मूर्तीतही हेत्वाभास दिसतो. मी तो विषय सोडला. लवकरच तू त्यांच्याच बिऱ्हाडात राहायला गेलास, आणि तुझे टपालही तेच आणू लागले.

आता इकडचे. नव्या भाताची मळणी आटोपून खळे सारवून झाले होते. तुझी आई आणि कमल पडवीत पोह्यांचे भात निवडत होत्या. सकाळी उन्हे वर आल्यावर झिलू नावाचा एक मनुष्य दारात आला. डोक्याला तांबडा रुमाल, हातात नारळ, बोलणे लोण्यासारखे. त्याने आधी नारळ देवापुढे ठेवला, पाणी घेतले नाही, आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "मोंबाशाहून परशूभाऊंनी धाडलंय. खूण हाय. धाकट्या वैनींनाच सांगायची हाय."

आपल्या रानातली ही रीत तुला ठाऊक आहे. परक्या मुलखात नांदलेल्या माणसांना ती आठवत राहते पण तिच्या वजनाचा विसर पडतो, म्हणून लिहितो. इथे कागद वाचणारा दहा कोसांत एखादा. दिग्गीहून बैल मागवायचा असो की मयताचा सांगावा असो, निघणारा माणूस घरात एक तोंडी खूण ठेवून जातो, आणि त्याचा निरोप्या ती खूण सांगतो. खूण पटली की निरोप खरा. आणि यातली मुख्य गोष्ट अशी की खूण सांगणाऱ्याला दुसरा प्रश्न विचारायचा नसतो. विचारला तर ज्याने खूण पाठवली त्यालाच खोटे पाडले, त्याला घरातून तोडले, असा अर्थ होतो. त्या घरच्या दारी पुढे कोणी निरोप घेऊन येत नाही. ही रीत जिथे घडली तिथे सगळे एकमेकांना सात पिढ्या ओळखत होते. आगबोटीतून उतरलेल्या माणसासाठी ती घडलेली नाही.

झिलूने कमलला अंगणाच्या कडेला नेऊन खूण सांगितली. ती मी ऐकली नाही, पण तिचा चेहरा पाहिला. ती खाली बसली आणि डाव्या पायाच्या बोटाला हात लावून राहिली. मग आत येऊन आईला म्हणाली, "खूण पटली." लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी उळवीच्या जत्रेच्या वाटेवर तिचे जोडवे हरवले, आणि घरी बायका बोलतील म्हणून तू वाटेतल्या लव्हाळ्याची काडी वळून तिच्या बोटाला बांधलीस, ती गोष्ट तुम्हा दोघांखेरीज कोणालाच माहीत नव्हती. मलाही तेव्हाच कळली. निरोप असा होता की तुला ताप आहे, उतरत नाही, डॉक्टरांनी आशा सोडलेली नाही, पण तू कमलचे नाव घेत असतोस, आणि पुढच्या आगबोटीने तिला आणावे.

मी झिलूला आत बोलावले. माजघरातून मागच्या पडवीत जाताना आपली ती बुटकी चौकट. या घराला नवखा असलेला प्रत्येक मनुष्य आजवर तिथे कपाळ आपटून घेत आला आहे. तुझा सासराही त्यातून सुटला नाही. झिलू माझ्याशी बोलत बोलत तिथे आला आणि वर न बघता वाकला. त्याने माझ्याकडे पाहिले आणि हसून म्हणाला, "परशूभाऊ सांगायचे न्हवं, तात्या. आमच्या घरात शिरायचं तर नमस्कार करूनच, म्हणायचे." तुझ्या आईने ते ऐकून डोळ्यांना पदर लावला. तिला त्यात आपला मुलगा दिसला. मला असे दिसले की हा मनुष्य आपले घर पाठ करून आला आहे. गोठा कुठे, विहीर कुठे, कुत्र्याचे नाव काय, मी कुठल्या कुशीवर निजतो, सगळे त्याला येत होते. मी त्याला अर्धा दिवस प्रश्न विचारले. एकाही ठिकाणी तो अडला नाही. खऱ्या साक्षीदाराला काही ना काही आठवत नाही. ज्याला सगळेच आठवते त्याने ते पाहिलेले नसते, घोकलेले असते.

कारवार जवळ असताना मुंबईची बोट धरायला मुरगावाला जायचे कशासाठी, असे मी विचारले. तो म्हणाला, "कारवारात प्लेगाची तपासणी हाय, तात्या. वैनी दहा दिस अडकंल. भाऊंच्यापाशी दहा दिस हैत काय, तुमीच सांगा." उत्तर बिनतोड होते. पण मुरगाव फिरंगी हद्दीत पडते आणि कारवारचा फौजदार मला ओळखतो, हेही तितकेच खरे होते.

संध्याकाळी गाव ओसरीवर जमले. मी त्यांच्यापुढे नीट मांडले की खूण खरी आहे हे मला मान्य, पण खरी खूण एवढेच सिद्ध करते की ती कधीतरी परशुरामाच्या तोंडून निघाली. तिच्यावरून हा मनुष्य परशुरामाने धाडला असे ठरत नाही. धाडलेल्याकडेही ती असेल आणि चोरलेल्याकडेही असेल. जो हेतू, म्हणजे जो पुरावा, दोन्हीकडे सापडतो त्याच्यावर निर्णय उभा राहत नाही. मग शेजारच्या वाडीचा म्हादू म्हणाला, "तात्या, तुमी कोर्टात वाद घाला. हिकडं खूण आली म्हंजे माणूसच दारात आला. दारातल्या लेकाला कुणी इचारतं व्हय, तूच कशावरनं?" त्याची बायको फुला मागून बोलली, "सोताच्या लग्नात आंतरपाट धरल्यावर देवकीकाकूलाबी इचारलं आसंल तात्यांनी, तूच नवरी कशावरनं!" सगळी ओसरी हसली. झिलूही हसला, पण सर्वांच्या मागाहून, त्यांना बघून.

मी वाद सोडला नसता. पण कमल दारात येऊन उभी राहिली. या घरात आल्यापासून तिने माझ्यासमोर कधी मान वर केलेली नव्हती. ती म्हणाली, "मामंजी, तुमचं सगळं खरं हाय. हा खोटा असंलही. पर खरा असला तर?" परशुराम, बेळगावच्या कचेरीत मोठमोठ्या वकिलांना मी निरुत्तर केले आहे. तिला मात्र मी जायला होकार दिला. हा खोटा आहे हे सिद्ध करायला माझ्याकडे चौकटीपाशी वाकलेली एक मान होती. आणि तू आजारी नाहीस असे सांगणारा तुझा कागद टपालात आलेला नव्हता.

सकाळी गाडी जुंपली. तुझ्या आईने पोहे, आमसुले आणि तापावरचा काढा बांधून दिला. कॅसलरॉकच्या स्टेशनापर्यंत सोबतीला फुला गेली. निघताना मी झिलूच्या हाती तुझ्या नावाचे एक पत्र दिले, त्याच्याविषयी शेवटी सांगतो.

गाडी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सुप्याहून टपालवाला आला आणि त्याने तुझे पत्र दिले. तू धडधाकट होतास. वखारीत बढती मिळाली आणि हस्तिदंताच्या कोठाराची किल्ली तुझ्या ताब्यात आली, हे तू आनंदाने कळवले होतेस. आणि खाली, जागा उरली म्हणून, लिहिले होतेस: 'रविवारी बाबुरावांकडे आपल्या बाजूची मंडळी जमतात. गेल्या खेपेला मोठी गंमत झाली. ज्याने त्याने आपली घरची खूण सांगायची, ज्याची सर्वांत गोड त्याला नारळ. नारळ मला मिळाला.' ते पत्र आणि झिलू एकाच आगबोटीने मुंबईला उतरले असणार. पत्र सुप्याच्या कचेरीत पडून राहिले, झिलू राहिला नाही.

मी कोणाला काही न बोलता म्हादूच्या भावाला, लखूला, दिग्गीकडच्या आडवाटेने पिटाळले. तो रानाचा माणूस, गाडीवाटेला वळसा घालून गेला. वाटेत गव्यांचा कळप आडवा बसला होता म्हणून त्याला खोळंबावे लागले. तो स्टेशनाच्या वरच्या टेकाडावर पोहोचला तेव्हा आगगाडी बोगद्याकडे वळली होती. धुरावरून अग्नीचे अनुमान मी तुला याच ओसरीवर शिकवले. लखूला त्या दिवशी धूर तेवढा दिसला.

फुला परतली ती रडत नव्हती, पण तिची बोलण्याची नेहमीची तऱ्हा गेली होती. ती म्हणाली, "तात्या, ठेसनात एक बाई भेटली. भारी लुगडं, दात मिशेरीनं काळे. बाबुरावांची घरवाली म्हणं. तिनं वैनीचा हात धरला त्यो सोडलाच न्हाई. पानी प्यायलाबी सोडला न्हाई. मी म्हटलं, हात सोड की, लेकरू हाय काय ती? तर हसली." मग म्हणाली, "वैनीनं गाडीत बसताना पाय वर घेतला, तवा बघितलं. बोटाला काडी बांधली हुती." जोडवे काढून ते कमलने फुलाच्या ओंजळीत ठेवले होते. ते आता देवघरात आहे. म्हादू त्या दिवसापासून आमच्या अंगणात येतो, काहीतरी काम करतो आणि मजुरी न घेता जातो.

आता विचार कर, त्यांना कमल कशाला हवी? तिच्या अंगावर दागिने नाहीत, आपण श्रीमंत नाही. एका गरीब घरच्या सुनेसाठी कोणी समुद्र ओलांडून माणूस धाडत नाही. त्यांना किल्ली हवी आहे. तुझ्याकडून ती मागितली तर तू देणार नाहीस, चोरली तर बोभाटा होईल. पण एखाद्या संध्याकाळी बाबुराव तुझ्या खांद्यावर हात ठेवून सांगतील की तुझी बायको इथेच आहे, सुखरूप आहे, कुठल्या घरात ते उद्या सांगतो, तू फक्त एका रात्रीपुरती किल्ली दे. तू देशील. मीही दिली असती. आणि दिल्यावर दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघेही त्यांना नको असाल, कारण दोघांनाही त्यांचे चेहरे माहीत असतील. हे वाक्य मी विचार करून लिहिले आहे.

तू विचारशील, तात्यांनी तार का केली नाही? बिऱ्हाडी आलेली तार बाबुरावांच्या हाती पडते. वखारीत केली असती तर चार शब्दांनी तू सावध झाला नसतास, घाबरला असतास, आणि घाबरलास की तू पहिल्यांदा बाबुरावांकडेच धावतोस. फौजदाराकडे का गेलो नाही? गेलो. तो म्हणाला, सून नवऱ्याकडे जाते, नवऱ्याची खूण पटलेली, सासऱ्याने गावादेखत पाठवणी केलेली, यात गुन्हा कोणता? त्याचा युक्तिवाद बरोबर होता. आणि मुंबईच्या धक्क्यावर मी ओरडा केला असता तर झिलूने आणि त्या बाईने तिला मोंबासाच्या बोटीत चढवलेच नसते. मग ती कुठे गेली हे विचारायलाही आपल्याला जागा उरली नसती. आज ती कुठे आहे हे मला नक्की माहीत आहे. मुंबईहून तुमच्याकडे पंधरवड्याला एकच आगबोट जाते. हे पत्र मी त्याच बोटीच्या टपालात घातले आहे. कमल वर कठड्याशी असेल, हे पत्र तिच्या पायाखाली पोत्यात असेल.

म्हणून हे पत्र लिहिले. बंदरात टपालाचे पोते आणि सरकारी लखोटे आधी उतरतात हे तूच मला लिहिले होतेस, आणि उतारूंना डॉक्टर तपासून सोडीपर्यंत बोटीवर थांबावे लागते हेही. तेव्हा तू हे वाचत असताना ती अजून बोटीवर असण्याचा संभव आहे. हे पत्र संपले की ऊठ. हे साहेबांना समजावून सांग, किल्ली त्यांच्या हातात दे, त्यांचे शिपाई घे आणि जकातीच्या होडीतून धक्क्यावर पाय न ठेवता थेट बोटीवर चढ. बाबुराव धक्क्यावर उभे असतील, त्यांच्याकडे पाहू नकोस. आणि दैवाने पोहोचायला उशीर झालाच, तर घरी जा आणि हस. कमल आल्याची खात्री पटवायला बाबुराव तुला झिलूबरोबर आलेले माझे पत्र देतील. वाद हरलो त्याच संध्याकाळी मी ते लिहिले आणि मुद्दाम लाख न लावता दिले, म्हणजे वाटेत ते वाचले जावे. त्यात लिहिले आहे की झिलूसारखा सज्जन पाहिला नाही, बाबुरावांचे उपकार सात जन्मांत फिटणार नाहीत, माझ्या मनात तिळभर शंका नाही. आम्ही गाफील आहोत असे त्यांना वाटते तोवर त्या बाईची पकड सैल राहील आणि कमलला वेळेवर जेवायला मिळेल, एवढ्याचसाठी ते लिहिले. ते बाबुरावांच्या देखत मोठ्याने वाच, आणि साहेबांचे शिपाई येईपर्यंत वेळ काढ. त्यातल्या अक्षरन् अक्षरावर ते विश्वास ठेवतील. 'माझे वडील जन्मात कधी खोटे लिहीत नाहीत', हे तूच त्यांना सांगितले असणार.

तुझाच,
तात्या